चालू आहे, मग बदलायचे कशाला?

जयपूरहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. सांगानेरी छापाच्या चादरी त्या स्वतःच्या वेबसाइटवरून विकतात. साइट भाच्याने करून दिली. तो आता परगावी नोकरीला आहे. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीने कळवले आहे, की ‘ओपनएसएसएल १.१.१’ जुने झाले, बदलून घ्या. ‘‘विक्री तर व्यवस्थित चालू आहे. मग बदलायचे कशाला?’’ असे त्या विचारतात.

ताई, ओपनएसएसएल हा कुणीही फुकट वापरावा असा ओपन सोर्स प्रोग्राम आहे. ग्राहक आपला पत्ता, फोन नंबर भरतो, तेव्हा तो वाटेत कुणाला वाचता येऊ नये, याची व्यवस्था तो करतो. दुकान आपले, कुलूप दुसऱ्याने घडवलेले! कुलपात खोट निघाली तर घडवणारा दुरुस्ती काढतो, पण ती आपल्या दाराला बसवायची आपणच. १.१.१ साठीची मोफत दुरुस्ती ११ सप्टेंबर २०२३ रोजी थांबली. त्यानंतरची खोट चोरांनाही कळणार आणि आपले दार तसेच राहणार.

अमेरिकेतील इक्विफॅक्स ही कंपनी लोकांच्या कर्जव्यवहारांची माहिती ठेवते. तिच्याकडे ‘स्ट्रट्स’ हा असाच ओपन सोर्स प्रोग्राम होता. मार्च २०१७ मध्ये त्याची दुरुस्ती निघाली, पण एका ठिकाणी ती बसवायची राहून गेली. मे महिन्यात चोर शिरले आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. दुरुस्ती फुकट होती, बरे का!

मात्र जुने ते सगळे धोक्याचे, असेही नाही. २०१४ साली गाजलेला ‘हार्टब्लीड’ दोष ओपनएसएसएल १.०.१ मध्ये होता. त्याहून जुने ०.९.८ वापरणारे त्यातून सुटले. शिवाय डेबियनसारख्या संस्था आकडा जुनाच ठेवून आत नवी दुरुस्ती घालून देतात. तेव्हा आकडा पाहून घाबरू नका. कंपनीला लेखी विचारा : सुरक्षेच्या दुरुस्त्या आम्हाला आज मिळतात का, कोणाकडून आणि कधीपर्यंत?

‘मिळत नाहीत’ असे उत्तर आले, तर बदल करावाच लागेल. आधी साइटची आणि ऑर्डरींची पूर्ण प्रत वेगळी काढून ठेवा. नवे ओपनएसएसएल त्या प्रतीवर चालवून पाहा, कारण जुने प्रोग्राम नव्याशी कधी कधी जुळत नाहीत. दिवाळीच्या विक्रीच्या तोंडावर हा उद्योग नको. आणि साइटमध्ये बाहेरचे कोणकोणते प्रोग्राम वापरले आहेत, त्यांची आकड्यांसकट यादी भाच्याकडून आजच मागवून घ्या.