आधी फासा टाका, मग सूत्र मांडा

लुडोच्या पटावर चारही सोंगट्या घरात अडकलेल्या पोराला विचारा, तो छातीठोकपणे सांगेल की आपल्याला सहा पडतच नाही. दहावीचं गणित सांगतं, सहा पडण्याची संभाव्यता सहात एक. खोटं दोघांपैकी कुणीच बोलत नाही. फासा दहा वेळा टाकूनही एकदासुद्धा सहा न पडण्याची शक्यता १६ टक्के आहे. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने दहादा फासा टाकला, तर साधारण सहा-सात मुलांना सहाचं दर्शनच होणार नाही. हे सूत्रानेही काढता येतं, पण पटतं ते टाकून पाहिल्यावर.

देवगड तालुक्यातल्या जामसंड्याच्या काय किंवा राज्यातल्या कुठल्याही मराठी शाळेतल्या काय, दहावीच्या मुलांना गणित भाग १ मध्ये ‘संभाव्यता’ हे प्रकरण असतं. यादृच्छिक प्रयोग, नमुना अवकाश, घटना असे शब्द मुलं शिकतात, अनुकूल निष्पत्तींना एकूण निष्पत्तींनी भागतात. प्रश्नपत्रिकेत फासा टाकला जातो तो कागदावरच. हात न लावता पूर्ण गुण मिळतात. ‘एनसीईआरटी’च्या नववीच्या पुस्तकात प्रयोगातून संभाव्यता शिकवणारं एक वेगळं प्रकरण होतं, २०२२-२३ च्या काटछाटीत ते गेलं आणि दहावीचं सूत्राचं प्रकरण राहिलं. हा निर्णय चुकीचा होता. दोन्हींतलं एकच ठेवायचं असतं, तर प्रयोगाचं ठेवायला हवं होतं.

कारण हे शास्त्र जन्मलंच मुळी मोजणीतून. इटलीतल्या जुगाऱ्यांना एक कोडं पडलं होतं. तीन फाशांची बेरीज नऊ येण्याच्या सहा जोडण्या आहेत, दहा येण्याच्याही सहाच; मग दहा थोडं जास्त वेळा का येतं? गॅलिलिओने उत्तर दिलं. तीन फाशांचे एकूण २१६ प्रकार होतात, त्यांतले २५ नऊचे आणि २७ दहाचे. फरक शंभरात एकाहूनही कमी. इतका बारीक फरक पटावर बसलेल्या माणसांच्या लक्षात आला, तो किती डाव टाकून आला असेल! सिद्धांत त्यांच्या मागून आला.

पुढे प्रयोगाने सिद्धांतालाही प्रश्न विचारले. १८९४ मध्ये इंग्लंडमधले प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांनी बारा फासे २६,३०६ वेळा टाकल्याच्या नोंदी मांडल्या. म्हणजे एकूण ३,१५,६७२ निकाल. पाच किंवा सहा पडण्याची संभाव्यता तीनात एक, तेव्हा ते १,०५,२२४ वेळा यायला हवं होतं. आलं १,०६,६०२ वेळा. वरची १,३७८ ही संख्या एकूण ढिगात नगण्य वाटते, पण नुसत्या योगायोगाने इतकी तफावत पडणं जवळजवळ अशक्य असतं. कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली आपली काय-स्क्वेअर कसोटी मांडली, तेव्हा हेच आकडे तिच्यावर घासून पाहिले. आज जगभर औषधांच्या चाचण्यांपासून पिकांच्या प्रयोगांपर्यंत वापरली जाते ती ही कसोटी.

दोष कुठे होता? ठिपके कोरून काढलेल्या फाशाच्या पाच-सहाच्या बाजूंचं लाकूड किंवा हाड जास्त खरवडलं जातं, त्या बाजू हलक्या पडतात आणि वर येतात, हे सर्वमान्य उत्तर. २००९ मध्ये झकरिया लॅबी या अमेरिकन संशोधकाने यंत्र बांधून तितक्याच वेळा फासे टाकले. त्याच्या फाशांत पाच-सहाचं पारडं जड नव्हतं. एक आणि सहा मात्र अधिक येत होते, कारण त्या दोन बाजूंमधलं अंतर किंचित कमी होतं. पुस्तकातला फासा निर्दोष असतो. हातातला फासा कुठल्यातरी कारखान्यात बनलेला असतो.

कवड्या घेतल्या तर सूत्र हातच टेकतं. पचिशीत सहा कवड्या टाकून उताण्या किती पडल्या ते मोजतात. उताणी आणि पालथी यांची शक्यता समसमान मानली, तर सहाही उताण्या पडणं ६४ डावांत एकदा घडावं. पण कवडीची पाठ फुगीर आणि पोट चपटं. शक्यता समान मानायला आधार कुठला? कवडी लहान की मोठी, जमीन शेणाने सारवलेली की लादीची, यावरही फरक पडतो. चिंचोका फोडून केलेल्या फाशांचंही तेच. इथे संभाव्यता जाणून घ्यायचा एकच मार्ग उरतो: टाका आणि लिहून ठेवा.

आणि जामसंड्याचं सगळं अर्थकारण अशाच, बाजू न मोजता येणाऱ्या फाशावर चालतं. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्था याच गावात आहे. हापूसमधला साका बाहेरून दिसत नाही. साल निर्दोष, आणि कापल्यावर आत गर पांढरट नि आंबट. समजा, एखाद्या मालात दहात एक फळ साक्याचं आहे. पाच फळं कापली आणि पाचही चांगली निघाली, तर गिऱ्हाईक खूश होतं. प्रत्यक्षात अशा मालातूनही पाचही फळं चांगली निघण्याची शक्यता ५९ टक्के असते. ती पाच टक्क्यांखाली आणायची तर २९ फळं कापावी लागतात. हा हिशेब कळलेला मुलगा उद्या बागायतदार झाला काय किंवा अडत्या, पाच फळांवरून माल पास किंवा नापास करणार नाही.

शक्यतेचा विचार करताना आणखी एक मोठा घोळ होतो. फाशाला आठवण नसते. दहादा सहा पडलं नाही म्हणून अकराव्यांदा त्याची शक्यता वाढत नाही. हापूसच्या कलमाला मात्र आठवण असते. एका साली भरघोस लागलं की पुढच्या साली ते विसावा घेतं, म्हणून तर बागायतदार कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल, घालतात. तेव्हा ‘गेल्या वर्षी कमी आला, यंदा येईल’ हे बागेत बोललं तर त्यामागे कारण आहे, लॉटरीच्या दुकानात बोललं तर काहीच नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे शाळेनेच शिकवायला हवं, कारण बाहेर ते शिकवणारं कुणी नाही आणि त्या अज्ञानावर पैसे कमावणारे पुष्कळ आहेत.

फळपीक विम्याचंही तसंच. अवेळी पाऊस, तापमानातले चढ-उतार यांची शक्यता कुठल्याही सूत्रातून निघत नाही. विम्याचा दर मागच्या अनेक वर्षांच्या नोंदी मोजून ठरतो आणि भरपाई हवामान केंद्राच्या आकड्यावर मिळते. ही प्रायोगिक संभाव्यताच आहे, फक्त तिला त्या नावाने कुणी हाक मारत नाही. किती वर्षांच्या नोंदी धरल्या, सड्यावरच्या केंद्रातला आकडा खाडीकाठच्या बागेला लागू पडतो का, हे प्रश्न विचारता येणारा शेतकरी सरकारी टेबलासमोर वेगळ्या ताकदीने उभा राहील.

फासे आणि फळांचा हा संबंध आपल्याकडे जुना आहे. महाभारताच्या वनपर्वातल्या नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाकडे नुसतं पाहून दोन फांद्यांवर २,०९५ फळं असल्याचं सांगतो. बाहुक नावाच्या सारथ्याच्या वेशात त्याचा रथ हाकणारा नल ते ऐकून मान डोलावत नाही. तो रथ थांबवतो, झाड पाडतो, फळं मोजतो आणि आकडा जुळल्यावरच राजाकडून अक्षविद्या शिकून घेतो. त्या काळी फासे म्हणून वापरत ती बेहड्याचीच फळं.

वर्गात एवढंच करायला हवं. चाळीस मुलांनी प्रत्येकी पन्नास वेळा फासा टाकावा आणि वहीत लिहावं. एकेकट्याचे आकडे वेडेवाकडे दिसतील: कुणाला चार सहा, कुणाला तेरा. फळ्यावर सगळ्यांची बेरीज केली की २,००० फेकींत सहाची संख्या ३३३ च्या आसपास, बहुतेक वेळा ३०० ते ३६७ च्या दरम्यान येईल. त्याबाहेर गेली तर फासे तपासावेत, पुन्हा टाकावेत. मग कवड्या. मग आपल्या महसूल मंडळातल्या पावसाच्या नोंदी काढून मोहोराच्या दिवसांत किती वर्षी पाऊस झाला ते मोजावं. दोन-तीन तासांचं काम आहे. राज्य मंडळाच्या गणितात अंतर्गत मूल्यमापनाला २० गुण आहेत. त्यांतले काही या वहीला देता येतील, आणि ते यंदापासूनच द्यावेत.