एअरगनला लायसन्स लागत नाही, म्हणजे शिकार चालते?

२०२४च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफल नेमबाजीत ब्रॉंझ मिळवलं. छंद म्हणून नेमबाजी उत्तमच. घोळ होतो तो रेंजच्या बाहेर.

'आर्म्स रूल्स २०१६'नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंत बोअर आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जा असलेल्या एअरगनला लायसन्स लागत नाही. (स्वप्नीलची पॉइंट टू-टू रायफल यात बसत नाही, तिला लागतंच.) यातून अनेक जण भलताच अर्थ काढतात. शेतात जायचं, होला किंवा तितर टिपायचा आणि वर त्याचं रील टाकायचं. म्हणजे पुरावाही आपणच द्यायचा!

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला हत्यार कोणतं याच्याशी देणंघेणं नाही. गलोलीने मारलं तरी ती शिकारच. नेम चुकला तरी सुटका नाही, कारण व्याख्येत प्रयत्नही येतो. जखमी करणं, पक्ष्यांची अंडी फोडणं, घरटी मोडणंसुद्धा. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोर, बिबट्यासारखा परिशिष्ट १मधला प्राणी असेल तर कैद ३ ते ७ वर्षं. वापरलेली बंदूक आणि गाडीही जप्त होऊ शकते.

अरुणाचल प्रदेशात शिकार ही पिढ्यान् पिढ्यांची परंपरा. तिथेही २०२१मध्ये सरकारने एअरगन जमा करण्याची मोहीम काढली आणि लोकांनी २ हजारांहून जास्त एअरगन स्वतःहून दिल्या.

'पण शेत माझं आहे' हे कारणही चालत नाही. रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केलं, तरी गोळी झाडण्याआधी वनविभागाची परवानगी घ्यावी लागते.