दोन घरांचं रक्त

खैरलांजी म्हटलं की आपल्याकडे अजून भंडारा जिल्ह्यातलं २००६ सालचं हत्याकांडच आठवतं. मी सांगतेय ती खैरलांजी वेगळी, मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातली, तहसिलीचं गाव. तोही आपल्यासारखाच सीमाभाग. इथं मराठी-कानडीची सरमिसळ, तिथं मराठी-हिंदीची.

माझी आतेबहीण गोंदियाला असते, तिची लेक तिकडे दिलीय. तिला तिसरा महिना लागला आणि तपासणीत ती सिकलसेलची वाहक निघाली. आजारी नव्हे, नुसती वाहक. पण सासूबाईंनी गावभर केलं, 'पोरीनं माहेरचं दुखणं आणलं.' डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नवऱ्यालाही पाठवा. जावईबापू आठ दिवस गेलेच नाहीत! शेवटी गेले, त्यांचं रक्त साधं निघालं. म्हणजे बाळाला हा आजार होणार नाही, फार तर तेही वाहक होईल. पण त्या आठ दिवसांत पोरीनं जेवण टाकलं होतं, त्याचं काय?

सिकलसेलचा हिशोब समजायला अवघड नाही. हिमोग्लोबिनच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्ही सदोष असल्या तर आजार, एकच असली तर वाहक. दोघेही वाहक असतील तर दर गरोदरपणात बाळ आजारी होण्याची शक्यता चारात एक. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं मात्र नसतं. वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जंगलपट्ट्यात हे जनुक टिकून राहिलं. गंमत म्हणजे आजारी बाळही जन्मतः ठणठणीत दिसतं, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि ते काही महिने पुरतं. पुढे पाच-सहा महिन्यांनी हातापायांना सूज येते. मग काय, 'आईचं दूध बाधलं'!

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्याच शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिच्यात रक्त तपासून कार्डं देतात. लग्न ठरवताना पत्रिकेशेजारी हे कार्डही ठेवावं असं मला वाटतं. आणि मुलगा की मुलगी हे तर वडिलांच्याच बाजूनं ठरतं, तरी आपल्याकडे बोलणी कोण खातं ते सांगायला नको.

मग आईच्या हातात काही नाही का? पुष्कळ आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास, इंग्लंडमधली साडेतीन. पण आपल्या बाळांत स्नायू कमी नि चरबी मात्र टिकलेली. पुढच्या मधुमेहाची बीजं पोटातच. ज्या आया पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा घेत, त्यांची बाळं चांगली भरली. दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी होतं. आपल्या बेळगावातही जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयानं एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात भाग घेतला. गर्भ राहण्याच्या निदान तीन महिने आधीपासून काही बायकांना पूरक आहार दिला, काहींना गरोदरपणी. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. पूरक आहार घेतलेल्यांची बाळं जन्मतः लांबीला थोडी जास्त होती.

आपल्याकडे मात्र बाळंतपण सोपं व्हावं म्हणून सातव्या महिन्यात अर्धी भाकरी कमी करायला सांगणाऱ्या आज्या आहेत, मराठी घरात तशा कानडी घरातही. डोहाळजेवणाला, सीमंताला ताटात पाच पक्वान्नं, आणि आधीचे सहा महिने ताक-भात. बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी तर गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांतच मिटते. पाळी चुकल्याचं ध्यानात येईपर्यंत ते काम होत आलेलं असतं. म्हणून फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मूल हवं असं ठरलं की लगेच सुरू करायची, डोहाळे लागल्यावर नव्हे. नळीतला हा दोष असलेलं मूल आधी झालेल्या बायकांना गर्भ राहण्याआधीपासून ही गोळी दिली, तेव्हा तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं, असं ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं केलेल्या अभ्यासात १९९१ सालीच दिसलं होतं. त्यांना दिलेला डोस मोठा होता, तेव्हा आपला डोस डॉक्टरांनाच विचारावा.

आणि मिश्री. मुंबईतल्या गरोदर बायकांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मिश्री, तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी भरली आणि वेळेआधी जन्मण्याचं प्रमाणही जास्त निघालं. आमच्या गल्लीत गेल्या महिन्यात डोहाळजेवण झालं. ओटी भरायला आलेल्या पाच सुवासिनींपैकी दोघींच्या कमरेला मिश्रीची डबी होती, आणि एकीनं ती लाडानं होणाऱ्या आईपुढे धरली.