‘फील’ म्हणजे काय रे भाऊ?

आज जरा भांडायचंय. ज्यांना जॅझमध्ये काडीचा रस नाही अशा नातेवाईक मंडळींनीही वाचावं ही विनंती, कारण भांडण वरवर गिटारचं असलं तरी आतून शिकवण्याबद्दल आहे. आणि शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली.

भांडण कुणाशी? तर गिटार शिकवणाऱ्या एका मोठ्या पंथाशी. हा पंथ क्लासात आहे, इंटरनेटवर आहे, सगळीकडे आहे. त्यांचा मंत्र असा: एक पेंटॅटॉनिक स्केल शिका, डोळे मिटा आणि फील करा. सोलो आपोआप येईल. फार विचार करू नका, थिअरीने कला मरते. घोकंपट्टी तर नकोच नको!

ऐकायला किती छान वाटतं नाही? मला मात्र हा मंत्र शिकणाऱ्यावर केलेला अन्याय वाटतो. का, ते सांगते.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. जॅझमध्ये एखादं गाणं घेतात, त्याची चाल एकदा वाजवतात आणि मग त्याच गाण्याच्या कॉर्ड्स मागे फिरत ठेवून एकेक वादक त्यावर आयत्या वेळी सुचेल ते वाजवतो. हा सोलो. आपल्याकडे ज्याला उपज म्हणतात तसंच काहीसं. आता कॉर्ड म्हणजे एकदम छेडलेले तीन-चार स्वर. तेच स्वर एकदम न छेडता एकामागून एक वाजवले की झाला आर्पेजिओ. बस, एवढंच. नाव इटालियन आहे म्हणून घाबरायचं कारण नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. जॅझ गिटारवर सोलो शिकायचा तर आधी गाण्यातल्या प्रत्येक कॉर्डचे स्वर बोटांत आणि कानात बसले पाहिजेत, आणि एका कॉर्डवरून दुसरीवर जवळच्या रस्त्याने जाता आलं पाहिजे. म्हणजे आर्पेजिओ. फील त्याच्या आधी येत नाही. आलाच तर त्याच्यातून येतो.

आपल्या लोकांना हे पटायला थोडं जड जातं, त्याला कारण आहे. आपला कान रागावर वाढलेला. तंबोरा लागला की षड्ज ठाण मांडून बसतो, आणि गवई तासभर त्याच्याभोवती फिरतो. जॅझमध्ये गाण्याची मुख्य पट्टी एक असली तरी खालची जमीन दर दोन-चार मात्रांनी सरकत असते. एका कॉर्डवर जो स्वर घरचा, तोच पुढच्या कॉर्डवर परका होतो. त्यामुळे ‘एक स्केल घ्या आणि फिरत राहा’ हा सल्ला आपल्याला ओळखीचा वाटतो आणि नेमका तिथेच फसवतो. (शिवाय रागातही नुसती स्केल नसतेच. वादी-संवादी आहेत, न्यास आहेत. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

उदाहरण देते. घरात पेटी असेल त्यांनी जवळ घेऊन बसा.

‘ऑल ऑफ मी’ नावाचं एक गाणं आहे, १९३१ सालचं. जेराल्ड मार्क्स आणि सेमूर सायमन्स या दोघांचं. जॅझ शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी ते वाजवतो. ३२ बारचं गाणं. पहिले आठ बार असे: दोन बार सी, दोन बार ई सेव्हन, दोन बार ए सेव्हन, दोन बार डी मायनर. आता यांचे स्वर बघा.

सी: सी, ई, जी.
ई सेव्हन: ई, जी शार्प, बी, डी.
ए सेव्हन: ए, सी शार्प, ई, जी.
डी मायनर: डी, एफ, ए.

पेंटॅटॉनिकवाला काय करणार? तो सीची पेंटॅटॉनिक लावणार: सी, डी, ई, जी, ए. पांढरी एक षड्ज धरली तर हे भूपाचे पाच स्वर. पहिले दोन बार मजेत जातील. तिसऱ्या बारला ई सेव्हन येते, तिचा प्राण जी शार्पमध्ये, आणि याच्या पाच स्वरांत जी शार्प नाहीच! गाणं वळण घेतं आणि हा सरळ चालत राहतो. ऐकणाऱ्याला नेमकं काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण सोलो गाण्याचा नाही हे कळतं. (जी शार्पच्या जागी मुद्दाम साधा जी लावून ब्लूजचा रंग आणणारे आहेत. पण ते जाणून लावतात. न जाणता लागलेला आणि जाणून लावलेला स्वर एकच नव्हे.)

आता उलट करून बघा. पेटीवर पहिले दोन बार फक्त पांढरी पाच दाबा, म्हणजे जी. पुढचे दोन बार काळी चार, म्हणजे जी शार्प. मग परत पांढरी पाच. मग पांढरी चार, म्हणजे एफ. डाव्या बाजूने कुणी कॉर्ड धरल्या तर उत्तम. झाले आठ बार, वाजवले फक्त चार स्वर, आणि गाण्याची अख्खी वाट ऐकू आली! का? तर जी हा सीचा पाचवा, जी शार्प हा ई सेव्हनचा तिसरा, पुढचा जी हा ए सेव्हनचा सातवा आणि एफ हा डी मायनरचा तिसरा. कॉर्डचा स्वभाव तिच्या तिसऱ्या आणि सातव्या स्वरात असतो, आणि हे स्वर एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना बहुतेक वेळा एखाद-दुसऱ्या पडद्याच्या अंतरावरच भेटतात. गिटारवर बोट जरा सरकवायचं, की पुढच्या घरात. मला विचाराल तर सोलोची पहिली शिकवणी हीच असावी.

ही गोष्ट शिकवता येते, तपासता येते आणि कुणालाही येते. ‘फील कर’ हे मात्र शिकवता येत नाही आणि तपासताही येत नाही. माझा राग इथे आहे.

आमच्या नात्यातला एक मुलगा (नाव घेत नाही, तो हा ब्लॉग वाचतो!) एका क्लासला जायचा. आठ महिने त्याने एका स्केलचे पाच ठोकळे पाठ केले आणि बॅकिंग ट्रॅकवर खालीवर फिरत राहिला. शेवटी त्याला सांगण्यात आलं, ‘टेक्निक ठीक आहे, पण तुझ्यात फील नाही.’ गिटार माळ्यावर गेली. मी त्याला विचारलं, अरे, ई सेव्हन आली की तू कुठल्या स्वरावर जातोस? तो म्हणाला, ‘आजी, ते कुणी सांगितलंच नाही.’ न शिकवलेला धडा परीक्षेत विचारायचा आणि वर नापासाचं खापर मुलाच्या प्रतिभेवर फोडायचं! आमच्या शाळेत संधी न सोडवता येणाऱ्या मुलाला ‘तुझ्यात संस्कृतच नाही’ असं म्हणण्याची सोय नव्हती. त्याला नियम पुन्हा समजावून सांगावा लागे.

आता समोरच्यांचे आक्षेप घेऊ. तीन नेहमीचे आहेत.

पहिला: मोठमोठ्या वादकांना कुठे थिअरी येत होती? जँगो राइनहार्टला नोटेशन वाचता येत नव्हतं, वेस माँटगोमेरीलाही नव्हतं. कबूल. पण नोटेशन न येणं वेगळं आणि कॉर्डचे स्वर माहीत नसणं वेगळं. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांची ओवी मात्रेत कमी पडली का? १९२८ साली गाडीला लागलेल्या आगीत जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं कायमची अधू झाली. उरलेल्या दोन बोटांनी तो गिटारच्या मानेवर तिरपे धावणारे आर्पेजिओ वाजवायचा. १९३७ चं त्याचं ‘मायनर स्विंग’ ऐका. मुखड्यापासूनच कॉर्डचे स्वर सुटे करून मांडलेले आहेत. आणि वेस? त्याने विशीच्या आसपास चार्ली ख्रिश्चनच्या रेकॉर्डी ऐकून त्याचे सोलो स्वरन् स्वर पाठ केले. इतके की सुरुवातीला क्लबात त्याला काम मिळालं ते हेच सोलो जसेच्या तसे वाजवण्यासाठी. घोकंपट्टी नको म्हणणाऱ्यांनी याला काय म्हणायचं ते ठरवावं. बरं, तो ज्याचे सोलो पाठ करत होता तो ख्रिश्चन कसा वाजवायचा? डाव्या हाताने कॉर्डचा आकार धरावा तशा जागेभोवती त्याचे सूर गुंफलेले असतात. १९३९ मध्ये तो बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला आणि १९४२ मध्ये पंचविसाव्या वर्षी क्षयाने गेला. तेवढ्या अवधीत त्याने इलेक्ट्रिक गिटारला जॅझमध्ये सोलोवाद्याची जागा मिळवून दिली.

गिटारबाहेर बघायचं तर कोलमन हॉकिन्सचं ‘बॉडी अँड सोल’. ऑक्टोबर १९३९ चं ध्वनिमुद्रण. सॅक्सोफोनवर त्याने मूळ चाल जेमतेम सुरुवातीला दाखवली आणि मग ६४ बार कॉर्ड्स उलगडत नेल्या. ज्यांना वाटतं आर्पेजिओ म्हणजे कोरडा रियाज, त्यांनी रात्री शांतपणे ते एकदा ऐकावं.

दुसरा आक्षेप जरा अभ्यासू मंडळींचा: १९५९ मध्ये माइल्स डेव्हिसने ‘काइंड ऑफ ब्लू’ काढून कॉर्डची कटकट संपवली, आता स्केलवरच वाजवायचं. ‘सो व्हॉट’मध्ये खरंच सोळा-सोळा बार एकच स्केल आहे, हेही कबूल. पण त्या रेकॉर्डवर वाजवणाऱ्यांनी आधी अनेक वर्षं वेगवान कॉर्ड्सवर घाम गाळलेला होता. त्यांनी मोकळं रान निवडलं, ते कुंपणातून पळून आलेले नव्हते. आणि पुरावा हवा तर हा घ्या. ‘काइंड ऑफ ब्लू’चं शेवटचं ध्वनिमुद्रण २२ एप्रिल १९५९ चं. त्यात टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन होता. त्याच कोल्ट्रेनने ५ मे १९५९ ला ‘जायंट स्टेप्स’ ध्वनिमुद्रित केलं, म्हणजे तेराच दिवसांनी! त्यात कॉर्ड इतक्या भराभर बदलतात की स्केलवर फिरायला जागाच नाही. तो प्रत्येक कॉर्डचा पहिला, दुसरा, तिसरा, पाचवा असे स्वर ठेवत पुढे जातो. म्हणजे जवळजवळ आर्पेजिओच.

तिसरा आक्षेप खरा आहे, आणि तो मी टाळणार नाही: नुसते आर्पेजिओ वाजवले तर सोलो शिडीसारखा वाटतो. वर चढला, खाली उतरला. हो, वाटतो. ‘रामः रामौ रामाः’ म्हणजे रघुवंश नव्हे! पण त्यावर उपाय आहेत आणि तेही शिकवता येतात. दर वेळी मूळ स्वरावरून सुरुवात करायची नाही. कॉर्ड बदलली की हात जिथे असेल तिथून सगळ्यात जवळचा नव्या कॉर्डचा स्वर शोधायचा. दिशा बदलायची. कॉर्डच्या स्वराला एक पडदा खालून येऊन भेटायचं, म्हणजे सुरावट बोलू लागते. मधे गप्प बसायचं, कारण श्वास लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचं, वाजवण्याआधी ते स्वर गाऊन बघायचे. गळ्याला जे येत नाही ते बोटांनी वाजवलं तर ते बोटांचंच राहतं.

हे सगळं झाल्यावर ज्याला लोक फील म्हणतात ते सुरू होतं. कुठला स्वर किती थांबवायचा, कुठला मागे ओढायचा, कुठे बोलायचं नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. तिथे माझी किंवा कुणाचीही सत्ता नाही. पण निवडायला हातात काही असलं तर माणूस निवडेल ना? शब्दच नसलेल्या मुलाला ‘मनातलं लिही’ म्हणून कोरा कागद देणं याला मी स्वातंत्र्य म्हणत नाही. शिक्षकाने आपलं काम मुलावर ढकललं, इतकाच त्याचा अर्थ.

आणखी एक. निवृत्तीनंतर गिटार हातात घेतलेली माझ्यासारखी माणसं थोडी नाहीत. आमच्याकडे ‘आपोआप येईल’ म्हणून वाट बघत बसायला वेळ नाही. आम्हाला उद्या सकाळी काय करायचं ते सांगणारा मास्तर लागतो. ‘ऑल ऑफ मी’चे पहिले आठ बार, चार कॉर्ड्स, मेट्रोनोम ६० वर, आधी गाऊन, मग वाजवून, असं कुणी सांगितलं तर आम्ही बसतो. पंधरा दिवसांनी त्यातून चार सूर आपले वाटतात. त्या दिवशी चहाही जरा बरा लागतो, खोटं कशाला सांगू.

म्हणून शिकवणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे. विद्यार्थ्याला फील नाही असं म्हणण्याआधी त्याला ई सेव्हनचे स्वर विचारा. त्याला ते सांगता आले नाहीत, तर पुढचा प्रश्न स्वतःला विचारा.

असो. फार बोलले. ज्यांना पटलं नसेल त्यांनी जरूर भांडावं, पण आधी पेटीवर ते चार स्वर वाजवून बघा: पांढरी पाच, काळी चार, पांढरी पाच, पांढरी चार. मग बोलू.