सगळ्यांच्या पुढ्यात गरम ताट



सुगी आटोपली की आपल्या घरी पाहुण्यांची ये-जा सुरू होते. माहेरहून आई-अण्णा चार दिवस राहायला येतात आणि घरधनी सहज बोलून जातात, "त्यांना कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला नेऊ, जेवण बाहेरच करू." बोलायला काय जाते! कडेवर दीड वर्षाचे पोर, बरोबर सत्तरीचे दोन जीव आणि भर दुपारची हॉटेलातली गर्दी. हे सारे सांभाळताना बाईचा जीव किती मेटाकुटीला येतो, ते तिचे तिलाच ठाऊक.

मागच्या पौषात माझी अशीच फजिती झाली. दर्शनाची रांग लांबली आणि जेवायला बसेपर्यंत दोन वाजले. अण्णांना मधुमेह. 'आता बसतोच आहोत जेवायला' म्हणून जेवणाआधीची गोळी त्यांनी रांगेतच घेऊन टाकली होती. हॉटेलात शिरता शिरता त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले. साखर उतरली होती. शेजारच्या चहावाल्याकडून तीन चमचे साखर घेतली, पाण्यात विरघळवून पाजली, तेव्हा कुठे ते सावरले.

आमचे लक्ष अण्णांकडे असताना पोराने वाटीतला खारा शेंगदाणा तोंडात टाकला आणि त्याला ठसका लागला. जोरात खोकल्यावर दाणा बाहेर पडला, म्हणून बरे! सारे शांत झाल्यावर पाहते तो आई पोराला मांडीवर घेऊन भरवते आहे आणि तिचे ताट गार झाले आहे. म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या गं, मी मागून बसते." जन्मभर चुलीपुढे सगळ्यांच्या मागून जेवलेली बाई, पैसे मोजून घेतलेल्या ताटावरही मागूनच जेवणार होती. मला फार लागले ते.

म्हणून तुम्हाला सांगते. बाहेर जेवायला जायचे, तर आधी घरात बसून चार गोष्टी ठरवा.

पहिली गोष्ट वेळेची. साडेअकराच्या सुमारास जेवायला बसा. तेव्हा गर्दी कमी असते, अन्न ताजे असते आणि पोर झोपेला आलेले नसते. दर्शन मागाहून झाले तरी देवी रागावत नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन जेवणाआधी किती वेळ घ्यायचे, ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. जेवणाची वेळ नक्की नसेल तर रांगेत उभ्याउभ्या गोळी घेऊ देऊ नका. पिशवीत साखरेची पुडी असू द्या.

दुसरी गोष्ट जागेची. म्हाताऱ्यांचे गुडघे दुखतात, तेव्हा जिना चढावा लागणार नाही असे हॉटेल बघा. मोरी कुठे आहे तेही आधी पाहून ठेवा. कोणी माळकरी असेल तर शाकाहारी खानावळच गाठा. रश्श्याच्या वासात बसवून त्यांना नुसता दहीभात खायला लावू नका.

तिसरी गोष्ट पोराच्या पोटाची. घरून वरणभात नेऊ नका, उन्हात तो आंबतो. हॉटेलात वाफाळता भात आणि साधे वरण मागा. वरण तिखट असेल तर तूपभात मऊ कालवून भरवा. पांढरा रस्सा दिसायला दुधासारखा असला, तरी त्यात मिरी-मिरची असते. पोराला तो नको. चिरून ठेवलेली काकडी-कांदा आणि उघडी चटणीही नको. पिण्याचे पाणी घरचे उकळलेले न्या. भरवणाऱ्याने आधी साबणाने हात धुवावेत.

शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे चार-पाच वर्षांच्या आतल्या पोराच्या हाती लागू देऊ नका. ठसका लागला आणि पोर जोरात खोकत असेल तर खोकू द्या. घशात उगाच बोटे घालू नका, दाणा आणखी आत जातो. पोराला रडता येईना, श्वास घेता येईना, तर मांडीवर पालथे घ्या, डोके खाली ठेवा आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरकस थापा मारा. त्याच वेळी दुसऱ्या कोणाला तरी १०८ नंबर फिरवायला सांगा. ठसका थांबला तरी छातीत घरघर राहिली, तर दाणा श्वासनळीत अडकलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

चौथी गोष्ट मात्र घरधन्यांना वाचून दाखवा. पोर धरायची पाळी लावा. पोराला आधी भरवा आणि मगच मोठ्यांची ताटे मागवा. पहिली पाळी बापाची. तोवर आजी, आजोबा आणि पोराची आई गरम जेवतील. नंतर तिने पोर घ्यावे आणि त्याचे ताट तेव्हा मागवावे. आणि ताटाचा भाव अण्णांसमोर काढू नका. नाहीतर ते 'भूक नाही' म्हणून अर्ध्यावर उठतील.

आई-अण्णा परत जायच्या आदल्या दिवशी आम्ही तालुक्याच्या गावी पुन्हा बाहेर जेवलो, या वेळी सारे ठरवून. पोर तूपभात खाऊन बापाच्या खांद्यावर पेंगत होते. वाढप्याने आईच्या ताटात तव्यावरची भाकरी टाकली. तिने सवयीने ती माझ्याकडे सरकवली, मी परत तिच्या ताटात ठेवली. पहिला घास घेऊन ती हळूच म्हणाली, "दुसऱ्याच्या हातची गरम भाकरी किती वर्षांनी खाल्ली गं!"

भगिनींनो, तुमच्या आईने, तुमच्या सासूने अशी भाकरी शेवटची कधी खाल्ली, ते आठवून बघा. आठवत नसेल, तर पुढच्या बाजाराच्या दिवशी तिला बरोबर न्या.