आठवड्याला एक गणित मराठीतून



परवा आमच्या चिरंजीवांनी गृहपाठाची वही समोर ठेवली. विषय होता सरासरी वेग. उदाहरण म्हणून मी उसेन बोल्ट घेतला. २००९ साली बर्लिनमध्ये तो १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावला. अंतर भागिले वेळ, उत्तर सेकंदाला १०.४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३७.६ किलोमीटर.

मग त्याच शर्यतीचे २० मीटरचे पाच तुकडे दिले. त्यांना लागलेला वेळ २.८९, १.७५, १.६७, १.६१ आणि १.६६ सेकंद. त्याने प्रत्येक तुकड्याचा वेग काढला, बेरीज करून पाचाने भागले आणि उत्तर आले १०.९६! "बाबा, दोन उत्तरं कशी?"

इंग्रजीत समजावायला गेलो, तर त्याने शाळेतले सूत्र घडाघडा म्हणून दाखवले. चूक तशीच. मग मराठीत विचारले, "कुठल्या तुकड्याला सगळ्यात जास्त वेळ लागला?"

"पहिल्या."

"तिथे वेग किती?"

"सातपेक्षाही कमी." जरा थांबून म्हणाला, "म्हणजे हळू तो जास्त वेळ पळाला, आणि मी सगळ्यांना सारखंच मोजलं!"

अगदी बरोबर. वेगांची सरासरी म्हणजे सरासरी वेग नव्हे. एकूण अंतराला एकूण वेळाने भागायचे.

मराठीत काही जादू नाही. पण मराठीत त्याला सूत्र पाठ नव्हते, म्हणून विचार करावा लागला.

आपण घरात मराठी कशासाठी वापरतो? "जेवायला ये", "हात धू" आणि आरतीसाठी. ज्या भाषेत मुले विचार करत नाहीत, ती भाषा मोठेपणी त्यांच्याजवळ राहील कशी? शाळेत गोंधळ होईल, अशी भीती काही पालकांना वाटते. आकडे तर तेच असतात! आमच्याकडे दुसऱ्या दिवशी गृहपाठ इंग्रजीतच लिहून गेला. मी स्वतः इंजिनिअरिंग इंग्रजीतून शिकलो, त्यामुळे भागाकार, सरासरी हे शब्द मलाही आठवावे लागले. तेवढा त्रास आपण घेऊ या. आठवड्याला एकच गणित, पण मराठीतून.

मुलांनो, आता तुमची पाळी. बर्लिनमध्येच बोल्ट २०० मीटर १९.१९ सेकंदांत धावला. सरासरी वेग काढा. अंतर दुप्पट, तरी वेग जवळजवळ तेवढाच का? उत्तर पुढच्या वर्गात सांगा, मराठीत!