नियम आणि तत्त्व

'रूल' आणि 'प्रिन्सिपल' हे इंग्रजीतील दोन शब्द. आपण त्यांना अनुक्रमे नियम आणि तत्त्व म्हणतो. पण व्यवहारात पुष्कळदा नियमालाच तत्त्व समजून बसतो. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेल्या, परंतु अधिवेशनच रद्द झाल्याने न झालेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या दोहोंतील अंतर स्पष्ट केले. नियम काय करावे ते सांगतो आणि माणूस सवयीने ते करतो. तत्त्व कृती पारखण्याची कसोटी देते. निर्णय माणसालाच घ्यावा लागतो, म्हणून जबाबदारीही त्याचीच राहते. धर्म केवळ नियमांचा झाला की ही जबाबदारीच मरते, असे बाबासाहेबांचे प्रतिपादन होते.

फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब आपल्या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले. वतन हाही असाच नियम होता. तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यात वेळी-अवेळी सरकारचे आणि गावाचे काम करायचे. का, हे विचारायचे नाही. त्याविरुद्ध त्यांनी १९२८ सालीच मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते.

हे सारे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकविले. तरीही एका पालकसभेत माझ्याच हातून चूक घडली. प्रगतिपुस्तक आई किंवा वडिलांच्याच हाती द्यायचे, असा नियम होता. वर्गात पहिल्या आलेल्या मुलाचे आई-वडील ऊसतोडीला गेलेले. त्याची आजी एसटीने आल्या होत्या. मी त्यांना रिकाम्या हाताने परत पाठविले आणि नियम पाळल्याचे समाधानही मानले. मुलाच्या पाठीशी घरचे कोणी उभे आहे की नाही, एवढेच पाहण्यासाठी तो नियम होता, हे मला नंतर उमगले.

नियम नकोत, असे माझे म्हणणे नाही. घंटेशिवाय वसतिगृह चालणार नाही. परंतु प्रत्येक नियमामागचे कारण तो लावणाऱ्यास सांगता आले पाहिजे. आपण पंचशील ग्रहण करतो, तीदेखील शिक्षापदे आहेत. कोणाची आज्ञा म्हणून नव्हे, तर समजून-उमजून स्वतःवर घेतलेली.

या शाळेचे माजी विद्यार्थी आज ग्राम महसूल अधिकारी आहेत, ग्रामपंचायत अधिकारी आहेत, शिक्षक आहेत. त्यांच्या टेबलासमोरही एखाद्या दिवशी अशी आजी उभी राहील. 'नियमात बसत नाही' असे म्हणण्यापूर्वी, तो नियम कशासाठी केला होता, हे त्यांनी स्वतःला एकदा विचारावे.